बर्फावर जाताना अंगात काय घालावं?

डिसेंबर लागला की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंडीच्या वाटेवरच्या रेनकोटाबद्दल विचारणारी मंडळी आता लडाखची तिकिटं काढून बसलेली असतात, नाहीतर परदेशातल्या मुलाबाळांच्या काळजीत असतात. पाण्यातल्या बचावाचं आणि डोंगरातल्या मोहिमांचं प्रशिक्षण देताना जे पाहिलं आणि तपासलं, त्यावरून उत्तरं देतो आहे.

मुलगा मिनियापोलिसला नोकरीला आहे. ऑफिसातले मित्र त्याला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेणार आहेत. बर्फाला भोक पाडून गळ सोडतात म्हणे. त्याच्याकडं पिसांचं चांगलं जाड जॅकेट आहे. तेवढ्यावर भागेल का? मला तर झोप लागत नाही.
– एक आई, राजारामपुरी

ताई, पिसांचं जॅकेट कोरड्या थंडीत उत्तम. पिसांत अडकलेली हवा ऊब देते. पण ते भिजलं की पिसांचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि अंगावर नुसतं ओलं कापड उरतं. गोठलेल्या तळ्यावर विचार करायचा तो नेमका भिजण्याचाच.

बर्फाखालचं पाणी शून्य ते ४ अंश सेल्सिअसचं असतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. तरीही अशा पाण्यात पडलेला माणूस लगेच गारठून जात नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यातल्या माणसाचा बराच अभ्यास केला. त्यांचा हिशेब १-१०-१ असा आहे. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, माणूस हपापल्यासारखा हवा ओढतो. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे खरा घात होतो तो पहिल्या मिनिटात, तोंड पाण्याखाली असताना श्वास ओढला जातो तेव्हा. त्या मिनिटात तोंड पाण्यावर ठेवणारा कपडा हवा. पिसांच्या जॅकेटाकडून ती खात्री मिळत नाही.

यासाठी तरंगते सूट मिळतात. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधत, तेच तत्त्व इथं आहे. सूटच्या अस्तरात बंद कप्प्यांचा फोम असतो. त्याच्या बारीक बुडबुड्यांत हवा कोंडलेली असते आणि पाणी आत शिरत नाही. म्हणून तो उचलूनही धरतो आणि भिजल्यावर थोडीफार ऊबही राखतो.

मुलाला सूटच्या आतलं लेबल वाचायला सांगा. प्रौढ माणसाचं डोकं पाण्यावर राहायला साधारण ३ ते ५ किलोची उचल लागते. युरोपीय मापात ती न्यूटनमध्ये लिहितात, ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलो. अमेरिकेत नुसतं ‘फ्लोट असिस्ट’ लिहिलेले बरेच सूट मिळतात. ते तरंगायला मदत करतात, पण त्यातल्या पुष्कळांना तिथल्या तटरक्षक दलाची मान्यता नसते. मान्यता असलेला परवडत असेल तर तोच घ्यावा. आणि एक समजून असावं, असा सूट बेशुद्ध माणसाला उताणा करेलच असं नाही. एकट्यानं बर्फावर जायचंच नाही.

जॅकेट आणि छातीपर्यंत येणारी डांगरी असा जोड घ्यावा. नुसतं जॅकेट घेतलं तर मांड्यांमधून बांधायचा पट्टा हवाच. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं, कानाशी येतं आणि माणूस खाली राहतो. चेन मोठी हवी, हातमोजे घालून ओढता आली पाहिजे. पायांच्या टोकाशी पाणी निथळायला जाळी हवी, नाहीतर बाहेर येताना प्रत्येक पाय घागरीसारखा जड होतो. दुकानात आतले सगळे कपडे घालून उकिडवं बसून बघावं, कारण भोकाशी तासन्‌तास तसंच बसायचं असतं. रंग नारिंगी किंवा लाल घ्यावा. काळा सूट पाण्यात दिसत नाही.

गळ्यात बर्फाचे टोचे अडकवलेले असावेत, दोन मुठी आणि त्यांना खिळ्यासारखी टोकं. ओला बर्फ नुसत्या हातांनी धरता येत नाही. पडलाच तर आल्या दिशेला तोंड करावं, कारण त्या बाजूच्या बर्फानं त्याला पेललेलं असतं. टोचे रोवावेत, पोहताना मारतो तसे पाय मारून पोटावर वर सरकावं आणि उभं न राहता लोळत लांब जावं. चालत जाण्यासाठी नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच जाड लागतो, असं मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं सांगतं. पांढरा, दुधी बर्फ असेल तर दुप्पट. आणि मित्र गाडी घेऊनच तळ्यावर जाणार असतील तर त्याला चालत जायला सांगा. गाडी बर्फातून खाली गेली तर तरंगणारा सूट माणसाला टपाला चिकटवून ठेवतो, खिडकीतून बाहेर पडणं अवघड होतं.

आमचा शिलाईचा छोटा कारखाना आहे. असे कोट इथंच स्वस्तात शिवता येतील का? स्पंज किंवा थर्माकोल भरला तर चालेल?
– एक कारखानदार, इचलकरंजी

स्पंज अजिबात नको. त्याचे कप्पे उघडे असतात, तो पाणी पितो आणि माणसाला खाली ओढायला लागतो. थर्माकोल वाकला की तुटतो, दोन हंगामांत त्याचा भुगा होतो. बंद कप्प्यांचा पॉलिथिलीन फोम मागवा आणि घरीच तपासा. तुकडा वजन करा, दगड बांधून दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन वाढलं असेल तर तो फोम परत पाठवा.

हिशेब सोपा आहे. १ लिटर फोम १ किलोपेक्षा थोडी कमी उचल देतो. ५ किलोसाठी ५ लिटरहून थोडा जास्त फोम लागतो, म्हणजे १ सेंटिमीटर जाडीचा सुमारे अर्धा चौरस मीटर. तो ठेवायचा कुठं, यात खरी विद्या आहे. छातीवर जास्त, पाठीवर कमी. पाठ जाड फोमाची झाली तर तोच कोट माणसाला पालथा पाडतो. तुमच्या कारागिरांच्या हातात हे कसब आहे यात मला शंका नाही. पण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून चाचणी झाल्याशिवाय त्यावर जीवरक्षक म्हणून शिक्का मारू नका, ही कळकळीची विनंती. लेबल वाचून कुणीतरी पाण्यात उतरणार आहे.

मी आणि सौ. जानेवारीत मुलीकडं टोरांटोला जातोय. वय ६६ आणि ६१. कोल्हापुरात पारा बारावर आला की आम्ही शेकोटी शोधतो. तिथं उणे २० म्हणतात. माझ्याकडं पट्टणकोडोलीची जुनी घोंगडी आहे, ती न्यावी का?
– एक निवृत्त शिक्षक, नागाळा पार्क

गुरुजी, घोंगडी जरूर न्या. धनगर बांधव भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागं उभे राहतात, कारण लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. घरात आणि गाडीत पांघरायला ती सुरेख. बर्फावर चालताना मात्र ती वारं अडवत नाही, आणि खरा शत्रू वाराच. हवा उणे २० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ती उणे ३३ सारखी लागते.

एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन थर घाला. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, मध्ये फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारा. सुती बनियन इथंच ठेवून जा. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलं की तेच अंगाला गार पडतं. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

फेब्रुवारीत लडाखमधल्या चादर ट्रेकला चाललोय. नदीच गोठलेली असते, मग तरंगता सूट घालूनच चालावं का?
– एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

नको. गळ टाकून बसणाऱ्याचा सूट आणि रोज कित्येक किलोमीटर चालणाऱ्याचा कपडा यात फरक आहे. त्या सूटमध्ये तासाभरात घामानं भिजशील आणि मुक्कामाला तोच घाम गोठेल. झंस्कार नदीच्या, म्हणजे चादरच्या वाटेवरच्या, बर्फावर थर हलके ठेव. चढ आला की एक काढ, थांबलास की लगेच घाल. थंडी वाजायच्या आधी घालायचं, ही सवय इथूनच लाव.

कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड जलरोधक पिशवीत बांधून ठेव आणि झोपेपर्यंत त्याला हात लावू नकोस. बर्फावर पाणी चढलेलं असतं तिथं चामड्याचे ट्रेकिंग बूट भिजतात, स्थानिक लोक गमबूट वापरतात, तूही तेच घाल. बर्फ कुठं पेलेल हे तिथला वाटाड्या काठी आपटून आवाजावरून ओळखतो. त्याच्या पुढं एक पाऊलही टाकायचं नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथले विश्रांतीचे दिवस वाचवायला जाऊ नकोस. आणि तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवू नकोस, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

भाच्यानं नॉर्वेहून तरंगता कोट पाठवलाय. धुवायचा कसा?
– एक वाचक, गडहिंग्लज

गार पाण्यात, सौम्य साबणानं, हातानं. पिळायचा नाही, इस्त्री नाही, ड्रायक्लीन नाही. सावलीत टांगून वाळवा आणि टांगूनच ठेवा. गादीखाली दाबून ठेवला तर फोम चेपतो आणि उचल कमी होते. वर्षातून एकदा कुणाला तरी सोबत घेऊन कमरेएवढ्या पाण्यात घालून बघा.

आम्ही तिघं मित्र हिवाळ्यात पहाटे काळम्मावाडीच्या पाण्यात होडीतून गळ टाकतो. गारठा फार असतो. असा सूट घेतला तर ऊब आणि सुरक्षा दोन्ही होईल ना?
– एक वाचक, राधानगरी तालुका

दादा, सूट घेऊ नका. नऊ वाजता ऊन चढलं की तो काढून होडीत टाकाल, आणि मग तो असून नसल्यासारखाच. पहाटेच्या गारठ्याला स्वेटर आणि त्यावर वारं अडवणारं पातळ जाकीट पुष्कळ झालं. त्यावर १०० न्यूटनचं, आयआरएस (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, जहाजं आणि त्यावरचं साहित्य तपासणारी संस्था) मान्यतेचं लाइफ जॅकेट घाला. त्याची कॉलर मानेमागं असते आणि ते चेहरा वर धरायला बनवलेलं असतं.

पट्टीचे पोहणारे आहोत, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडं पुरात उसाच्या काहिलीत बसून पलीकडं जाणारी माणसं होऊन गेली, तेही पट्टीचेच होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली, ते दुःख आपल्या भागातून अजून हटलेलं नाही. त्या दिवसांत आम्ही वाटलेली जॅकेटं कितीतरी जणांनी नुसती खांद्यावर अडकवली होती. पट्टे लोंबत होते, आणि होडी हलत असताना आम्ही एकेकाचे बांधत होतो. काठावर असतानाच तिन्ही बकलं लावा आणि मित्राला खांद्याला धरून जॅकेट वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे, पुन्हा आवळा.