कर्करोगासाठी काढलेले कर्ज

प्रश्न : मी ह्यूस्टनजवळ राहतो आणि नुकताच इथला मतदार झालो आहे. टेक्सास राज्याने कर्करोगावरील संशोधनासाठी सहा अब्ज डॉलरचे कर्ज काढले असल्याचे शेजाऱ्यांकडून कळले. हे कर्ज कोण फेडते? संशोधनाला पैसा देणे हे वॉशिंग्टनचे काम असताना राज्याने त्यात का पडावे? शिवाय या योजनेत मागे गैरप्रकार झाला होता, असेही कानावर आले आहे. ते खरे का? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : सहा अब्ज डॉलर ही कर्जरोखे काढण्याची एकूण मर्यादा आहे; ही रक्कम एकदम उचललेली नाही. टेक्सासच्या राज्यघटनेने सरकारला कर्ज काढण्यास एरवी मनाई केली असल्यामुळे यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली आणि ती मतदारांपुढे ठेवावी लागली. नोव्हेंबर 2007 मध्ये मतदारांनी तीन अब्ज डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली, आणि वर्षाला जास्तीत जास्त 30 कोटी डॉलर या हिशेबाने ते वाटण्यासाठी कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था स्थापन झाली. 2019 मध्ये मतदारांनी आणखी तीन अब्जांना होकार दिला. रोख्यांची फेड व्याजासह राज्याच्या सर्वसाधारण महसुलातून होते. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही आणि त्या महसुलात विक्रीकराचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणजे मतदार होण्याच्या आधीपासूनच आपण दुकानाच्या पावतीवर या कर्जाला हातभार लावत आला आहात.

राज्याने यात का पडावे, याचे खरे उत्तर माणसांत आहे. केंद्राचे अनुदान शास्त्रज्ञाच्या प्रकल्पाला मिळते. तो शास्त्रज्ञ कोणत्या राज्यात राहतो याच्याशी केंद्राला कर्तव्य नसते, राज्याला मात्र असते. म्हणून या संस्थेच्या पैशाचा मोठा भाग बाहेरचे संशोधक टेक्सासमधील विद्यापीठांत आणण्यावर खर्च होतो. मूळचे टेक्सासचेच असलेले जेम्स अॅलिसन 2012 मध्ये न्यूयॉर्कहून ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन या कर्करोग रुग्णालयात व संशोधन केंद्रात परतले, ते अशाच अनुदानाच्या आधाराने. त्यांना 2018 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते ज्या कामासाठी मिळाले, ते काम मुख्यतः कॅलिफोर्नियात झाले होते. तेव्हा त्याचे श्रेय या निधीला देणे बरोबर नाही, हे प्रचारपत्रकांत सहसा वाचायला मिळणार नाही.

आता गैरप्रकाराविषयी. संस्थेचे पहिले मुख्य वैज्ञानिक अधिकारी आल्फ्रेड गिलमन हे स्वतः 1994 चे नोबेल विजेते होते, आणि अर्जांची छाननी टेक्सासबाहेरच्या तज्ज्ञांनीच करावी, या पद्धतीवर त्यांचा भर होता. 2012 मध्ये ह्यूस्टनमधील एका उपक्रमाला सुमारे दोन कोटी डॉलर वैज्ञानिक छाननीविना मंजूर झाले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यामागे अनेक परीक्षकही बाहेर पडले. डॅलसच्या पेलोटन थेराप्युटिक्स या कंपनीला 2010 मध्ये दिलेले 1.1 कोटी डॉलरही छाननीविनाच गेल्याचे नंतर उघड झाले. डिसेंबर 2012 मध्ये नवी अनुदाने थांबवण्यात आली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला, नियमपालनावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि ऑक्टोबर 2013 मध्ये स्थगिती उठली. ज्या एका माजी अधिकाऱ्यावर खटला चालला, तो 2014 मध्ये निर्दोष सुटला.

या प्रकरणाचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. त्याच पेलोटन कंपनीचे औषध कामाचे निघाले. मर्क कंपनीने 2019 मध्ये पेलोटन विकत घेतली आणि 2021 मध्ये बेल्झुटिफान या औषधाला, वॉन हिपेल–लिंडाऊ या आनुवंशिक विकारातील काही गाठींसाठी, अमेरिकेत परवानगी मिळाली. मग छाननी टाळली ते योग्यच झाले, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. एखादा नेम बसला म्हणून डोळे मिटून बाण सोडण्याची परवानगी सार्वजनिक पैशाला मिळत नाही.

माझी तक्रार मात्र वेगळीच आहे. वाटल्या जाणाऱ्या रकमेपैकी प्रतिबंधासाठी दहा टक्क्यांहून अधिक खर्च करता येणार नाही, असे बंधन कायद्याने घातले. विमा नसलेल्यांचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या या राज्यात हा वाटा मला तोकडा वाटतो. प्रतिबंधाचे मोल काय असते, हे आपल्या बार्शीजवळच्या गावांनी दाखवून दिले आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील 1,31,000 हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रश्न : माझ्या नात्यातील एका बाईंवर डॅलसमध्ये उपचार चालू आहेत. त्यांना या निधीतून खर्च मिळेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ही संस्था व्यक्तींना उपचाराचा खर्च देत नाही. अनुदान विद्यापीठे, रुग्णालये, सामाजिक संस्था आणि कंपन्या यांना मिळते. मात्र विमा नसलेल्यांसाठी मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी), आतड्याच्या कर्करोगाची चाचणी, एचपीव्ही लस अशा सेवा या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत मिळतात. त्यांच्या घरातील इतरांनी काउंटीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सामुदायिक दवाखान्यात त्याविषयी जरूर विचारावे.