दारातले दोन ट्रक आणि समाजशास्त्राची पदवी

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका पालकांचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“आमची मुलगी कला शाखेतून बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायचे आहे. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते कसे फेडले ते आमचे आम्हालाच ठाऊक. म्हणून तिने खात्रीची नोकरी मिळेल असे काही शिकावे, असे मला वाटते. ती मार्क्स, वेबर, दुर्खाइम अशी नावे घेते. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या परदेशी माणसांची पुस्तके वाचून इथे पोट कसे भरणार? तत्त्वज्ञान तर म्हातारपणी वाचायचे असते. शिवाय तिची प्राथमिक शाळा मराठीतून झाली आहे, तेव्हा इंग्रजी ग्रंथ तिला झेपतील का?”

सप्रेम नमस्कार.

नोकरीविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु त्याआधी आपल्या दारातल्या त्या दोन ट्रकांविषयी बोलू द्या, कारण आपल्या मुलीला जे शिकायचे आहे त्याची सुरुवात नेमकी तेथूनच होते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबले, हे आपणास माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. आपण उल्लेखिलेली तीन नावे समाजशास्त्राच्या पायाशी आहेत. या एकाच घटनेकडे त्यांपैकी कार्ल मार्क्स (१८१८–१८८३) पाहू लागला, तर तो प्रथम मालकीचा प्रश्न विचारील: जमिनीखालचे खनिज कोणाचे, पोर्तुगीज काळातल्या ज्या सवलतींचे १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले त्या कोणाच्या हाती होत्या, आणि स्वतःच्या नावावर ट्रक असूनही भाड्याचा दर ज्याला ठरवता येत नाही, तो माणूस मालक म्हणायचा की मजूर? एमिल दुर्खाइम (१८५८–१९१७) मात्र वेगळीकडे बोट दाखवील. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्याने असे मांडले, की केवळ मंदीच नव्हे तर अचानक आलेली भरभराटसुद्धा समाजाची घडी विसकटते, कारण काय अपेक्षा धरावी आणि कोठे थांबावे हे सांगणारे नियमच अशा वेळी सैल पडतात. खनिजाला चढा भाव होता त्या दिवसांतले आपले गाव आठवून पाहा. हे वाक्य परके वाटणार नाही. माक्स वेबर (१८६४–१९२०) विचारील, की दुसरा ट्रक घेतला तो निव्वळ हिशेबाने, की वाड्यावरच्या प्रतिष्ठेचाही त्यात काही वाटा होता? पैशावरून ठरणारा वर्ग आणि लोकांच्या नजरेतली पत या दोन गोष्टी वेबरने वेगळ्या करून दाखवल्या, आणि माणूस स्वतःच्या कृतीला जो अर्थ देतो तो समजून घेतल्याशिवाय समाज समजत नाही, असा आग्रह धरला.

या तिघांचे आपसात जमत नाही, आणि विद्यार्थ्याने शिकायचे आहे ते हेच, की एकाच वस्तुस्थितीला कोणता प्रश्न विचारला म्हणजे काय दिसते आणि काय झाकले जाते. नावे आणि व्याख्या पाठ करून परीक्षेत गुण मिळतात हे खरे. पण त्या वाटेने गेलेले विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात अडखळतात, असा माझा अनुभव आहे.

तत्त्वज्ञानाचे काम याहून निराळे. काय घडले आणि का घडले हे समाजशास्त्र सांगते, पण काय घडायला हवे होते ते त्यातून आपोआप निघत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मधील न्यायविषयक ग्रंथात सुचवलेला विचारप्रयोग आपल्या तालुक्याला लावून पाहा. आपण ट्रकमालकाच्या घरी जन्मणार, खाणपट्टेदाराच्या घरी, की ज्याच्या भातशेतीत खाणीचा गाळ उतरला त्याच्या घरी, हे मुळीच माहीत नसताना खाणकामाचे नियम ठरवायचे झाले, तर आपण कोणते नियम मान्य कराल? पुढच्या पिढ्यांसाठी किती राखून ठेवणे न्याय्य, याचाही विचार रॉल्सने केला आहे. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीच्या रकमेतला दहा टक्के भाग कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले, तेव्हा त्यामागे हाच प्रश्न उभा होता. म्हातारपणाविषयी म्हणाल, तर मार्क्सने एंगेल्ससह लिहिलेला साम्यवादी जाहीरनामा प्रसिद्ध झाला तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

आणि ही सगळी माणसे परदेशी आहेत असेही नाही. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची धुरा १९२४ पासून सांभाळणारे गोविंद सदाशिव घुर्ये जन्माने मालवणचे, म्हणजे आपल्या सीमेपलीकडचेच. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे नामवंत समाजशास्त्रज्ञ त्यांचे विद्यार्थी. दामोदर धर्मानंद कोसंबी तर गोव्यातच १९०७ मध्ये जन्मले. व्यवसायाने गणिती असलेल्या या माणसाने जुन्या काबिजादींतील (पोर्तुगीजांनी गोव्यात आधी जिंकलेल्या प्रदेशातील) गांवकरीवर, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेवर, जो लेख लिहिला, तो गावाचे उत्पन्न, जमीन आणि देवस्थान यांची सांगड कशी वाचावी याचा वस्तुपाठ आहे. गोवा विद्यापीठातील सामाजिक शास्त्रांच्या संकुलाला त्यांचेच नाव आहे.

तरीही केवळ ओढ आहे म्हणून हा विषय घ्यावा असे मी म्हणणार नाही. या शाखेत संथ वाचनाची चिकाटी लागते आणि ती आहे की नाही हे प्रवेशाआधीच तपासता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर एक निबंध वाचला. तो मुलीला मुळातून वाचायला द्या. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग आणि जातीबाहेर विवाह न करणे हे तिचे मूळ लक्षण, असे त्यात प्रतिपादन आहे. एका वर्गाने आधी दारे लावून घेतली, मग इतरांनी काही प्रमाणात अनुकरणाने लावली आणि काहींवर ती बाहेरून बंद झाली, हा त्यातला मुख्य युक्तिवाद असून त्यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला आहे. निबंध छोटा आहे. तो वाचून मुलीने दोन पाने मराठीत लिहावीत: युक्तिवाद कोठे वळतो आणि तिला कोठे पटत नाही. पंधरा दिवसांत तिने हे आपणहून केले तर भाषेची काळजी सोडून द्या. शब्दकोश जवळ घेऊन वाचणाऱ्या मुलांचे इंग्रजी दोन वर्षांत सुधारते. पाने कोरी राहिली तर मात्र मोकळेपणाने दुसऱ्या विषयाचा विचार करावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता पोटाचा प्रश्न. माझे मत असे, की समाजशास्त्र मुख्य विषय घ्यावा आणि तत्त्वज्ञान जोडविषय म्हणून ठेवावे, कारण अध्यापनाच्या जागा तत्त्वज्ञानात फारच थोड्या निघतात. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण आणि त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, किंवा महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, हा मार्ग आहे. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा मार्ग लांबचा आहे. बारावीनंतर सात-आठ वर्षे धरून चालावे, आणि तेवढा काळ घरातून आधार देणे शक्य नसेल तर ते मुलीला आजच सांगावे. उच्च माध्यमिक शाळेसाठी एम.ए.सोबत बी.एड. लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो, मात्र केवळ त्या परीक्षेच्या भरवशावर पदवी निवडणे मला धोक्याचे वाटते. गोव्यातील सरकारी पदांसाठी कोंकणीचे ज्ञान आवश्यक मानले जाते, तेव्हा मराठीबरोबर कोंकणी लिहिण्यावाचण्याचाही सराव तिने ठेवावा. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम हा मला सर्वांत कमी लेखला गेलेला पर्याय वाटतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार सामाजिक परिणामांचे मूल्यांकन करावे लागते, आणि घरोघर जाऊन विचारपूस करणे, जमिनीची कागदपत्रे वाचणे, नंतर नेमका अहवाल लिहिणे या कामाला समाजशास्त्र आणि कायदा दोन्ही जाणणारी माणसे लागतात.

निबंधासाठी आणि संदर्भग्रंथांसाठी पणजीला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात तिला एकदा घेऊन जा. १८३२ पासून चालत आलेली ही संस्था आहे आणि तेथे दिवसभर बसून वाचता येते. आणि आणखी एक काम आपल्याकडे. त्या दोन ट्रकांची कर्जाची कागदपत्रे, भाड्याच्या पावत्या, हप्त्यांचा हिशेब, जे काही अजून घरात असेल ते टाकून देऊ नका. पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधायची वेळ येईल, तेव्हा ते तिच्या हाती द्या आणि पहिली मुलाखत आपणच द्या.