राउटर बदलण्याआधी लाइन मोजा

प्रश्न : आमच्या हॉटेलात ४८ खोल्यांचे थर्मोस्टॅट बॅकनेट एमएस/टीपीच्या (इमारतीतल्या उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत) एकाच आरएस-४८५ (दोन तारांच्या) लाइनवर आहेत. मधल्या पॅनेलमध्ये राउटर बसवून लाइन बीएमएसच्या (इमारतीची यंत्रे सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) संगणकाला जोडली. पहिल्या तीसेक खोल्या नीट दिसतात, पुढच्या मधूनच गायब होतात. राउटर खराब निघाला का?
– मेंटेनन्स सुपरवायझर, बार्देश

उत्तर : राउटरला एवढ्यात दोष देऊ नका. आजवर प्रत्येक थर्मोस्टॅट आपापली खोली थंड करत होता, म्हणून लाइनचा दोष कुणाला जाणवलाच नाही. राउटर आला आणि तो दोष उघडा पडला.

सगळ्या उपकरणांची वीज बंद करा आणि लाइनच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असेल तर ६०च्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर नाही. ४० आला तर कुठेतरी तिसरा लागलाय. तुमच्याकडे तो बहुधा राउटरच्या आतलाच असेल. राउटर लाइनच्या मध्ये असेल तर त्याचा टर्मिनेशन स्विच (आतला रेझिस्टर लाइनला जोडणारा) बंदच हवा.

मग तार कशी फिरवली आहे ते पाहा. एका थर्मोस्टॅटवरून दुसऱ्यावर, अशी एकच माळ हवी. स्विमिंग पूलकडच्या खोल्यांसाठी मधूनच फाटा काढला असेल तर तो मोडा. शील्ड (तारांवरचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करा. अ आणि ब या खुणा प्रत्येक कंपनी एकाच अर्थाने वापरत नाही, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका, मॅन्युअल उघडा.

आता आकडे. पूर्ण युनिट लोडची (उपकरण लाइनवर टाकते तो भार मोजण्याचे एकक) उपकरणे लाइनच्या एका तुकड्यावर ३२च चालतात, आणि तुमची लक्षणे याच मर्यादेची वाटतात. थर्मोस्टॅट पाव किंवा अष्टमांश लोडचे असतील तर मात्र ४८ चालायला हरकत नाही, तेव्हा डेटाशीट बघा. दुसरा संशयित म्हणजे ‘मॅक्स मास्टर’ (कोणत्या पत्त्यापर्यंत, म्हणजे उपकरणाच्या क्रमांकापर्यंत, विचारायचे ते ठरवणारा आकडा). तो ३१वर अडकला असेल तर त्यापुढच्या पत्त्यांना कुणी विचारतच नाही. तो सर्वांत मोठ्या पत्त्याएवढा किंवा १२७ ठेवा. दोन खोल्यांना एकच पत्ता लागला की टोकन (लाइनवर बोलण्याची पाळी) भलतीकडे जाते आणि शेजारचे धडधाकट थर्मोस्टॅटही पडतात. डिप स्विचवर (पत्ता लावायच्या छोट्या खटक्यांवर) पत्ता १२ म्हणजे ४ आणि ८चे स्विच चालू. बऱ्याच थर्मोस्टॅटना नवा पत्ता वीज बंद-चालू केल्यावरच कळतो.

माझा सल्ला विचाराल तर दोन पोर्टचा राउटर घ्या आणि २४-२४ खोल्यांच्या दोन लाइनी करा. मग राउटर दोन्ही लाइनींचे टोक होतो, म्हणून दोन्ही पोर्टचे टर्मिनेशन चालू. नेटवर्क क्रमांक वेगळे द्या, समजा १०१ आणि १०२. आयपीच्या बाजूला तिसराच. डिव्हाइस इन्स्टन्स (उपकरणाचा ओळख क्रमांक) साऱ्या हॉटेलात एकमेव हवा. लाइन १०१वरच्या पत्ता ५ला १०१००५ दिला की गोंधळ होत नाही. वेग सगळीकडे एकच, ३८४०० चांगला.

इथरनेटच्या बाजूला कायमचा आयपी द्या. यूडीपी पोर्ट ४७८०८ बीएमएसच्या व्हीलॅनपुरताच (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कपुरताच) ठेवा, पाहुण्यांच्या वायफायला तो दिसता कामा नये. साध्या बॅकनेटमध्ये पासवर्ड नसतो; इंटरनेटवर उघडा ठेवलात तर कुणीही एसी बंद करील. बीएमएसचा संगणक वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असेल तर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेला संदेश, पलीकडे पोचत नाही. त्यासाठी बीबीएमडी (तो संदेश पलीकडे पोचवणारा) लागतो, एका सबनेटमध्ये एकच.

प्रश्न : एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून त्याच लाइनवर दोन राउटर लावले तर?
– वाचक, वास्को

उत्तर : नको. दोन नेटवर्कमध्ये एकाच वेळी एकच चालू वाट हवी. दुसरी मिळाली की ‘हू-इज’चा (‘कोण कोण आहे?’ असे विचारणारा) संदेश एकातून जातो, दुसऱ्यातून परत येतो आणि सगळी लाइन ठप्प होते. जादा राउटर तेच सेटिंग भरून कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुडीसकट. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडे टर्मिनल लवकर काळे पडतात.