कुलूप नव्हतं, मग डांबून ठेवलं कसं म्हणायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नागपुरात मानेवाड्याले राहते, इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात सहा वर्षांपासून काउंटरवर आहे. मागच्या महिन्यात रात्री हिशेब करताना गल्ल्यात १८,००० रुपये कमी निघाले. मालकानं मले मागच्या गोडाऊनमधे बसवलं, मोबाईल आणि गाडीची चाबी घेऊन घेतली आणि दारात त्याचा भाचा अन् एक पोरगा खुर्च्या टाकून बसले. साडेआठपासून सव्वाबारापर्यंत. "लिहून दे अन् जा" एवढंच चालू होतं. शेवटी मी लिहून दिलं की पैसे मी घेतले, पगारातून कापा. मी घेतले नाही हो ताई. कोणी हात लावला नाही, दाराला कुलूप पण नव्हतं, म्हणून नवरा म्हणते उठून काहून नाही आली, यात केस होत नाही. शेजारचे एक काका म्हणतात ३ दिवस डांबलं असलं तरच कलम ३४२ लागते. आता काय करू? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर: ताई, आधी नवरोबांचं बघू, कारण तो प्रश्न पोलीस स्टेशनमधे पण तुम्हाला विचारतीलच. कायद्याच्या व्याख्येत कुलूप हा शब्दच नाहीये. भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ म्हणतं की एखाद्याला ठराविक हद्दीच्या बाहेर जाता येऊ नये अशा रीतीनं अडवलं, की तो गैरपरिरोध. आपण त्याला डांबून ठेवणं म्हणतो, पेपरवाले पण तेच लिहितात. त्याच कलमाखाली दोन उदाहरणं दिलीयेत, एकात माणसाला भिंती असलेल्या जागेत घालून कुलूप लावलंय, आणि दुसऱ्यात कुलूप नाहीच, इमारतीच्या दारांवर बंदूकवाले उभे केलेत आणि सांगितलंय की बाहेर पडलास तर गोळी घालू. दोन्ही सारखेच गुन्हे, आणि ही उदाहरणं आजची नाहीत, १८६० च्या दंड संहितेपासून चालत आलीयेत. तुमच्या प्रकरणात बंदूक नव्हती, भाचा होता. पण रात्रीची वेळ, एकटी बाई, दारात दोघं बसलेले, फोन त्यांच्याकडे, आणि "लिहून दे मग जा" म्हणजेच लिहून दिल्याशिवाय जायचं नाही, हे तर त्यांनी तोंडानंच सांगितलं. हात लावायची गरज नसते, आपण गेलो तर अडवतील असं वाटायला लावलं आणि तसं वाटणं साहजिक होतं, तर पुरतं.

फक्त एक सांगून ठेवते, नुसती गाडीची चाबी घेतली असती आणि दार मोकळं असतं, तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते, कारण समोरचा वकील म्हणाला असता पायी जा, ऑटो कर. तुमची केस उभी राहते ती दारातल्या खुर्च्यांवर, म्हणून तक्रारीत चाबीचं नंतर लिहा, खुर्च्यांचं आधी.

आता अडवणं आणि डांबणं यात फरक आहे आणि तिथे खूप लोक गोंधळतात. तुम्ही महालातल्या एखाद्या गल्लीतून निघालात आणि कोणी समोर आडवी गाडी लावून म्हणालं इकडून जायचं नाही, पण मागं फिरून दुसऱ्या गल्लीनं जाता येतंय, तर तो गैरनिरोध, कलम १२६, शिक्षा जास्तीत जास्त १ महिना साधी कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. एक बाजू बंद असली तर अडवणं, चारही बाजू बंद असल्या तर डांबणं. यावर इंग्लंडचा एक जुना खटला आम्हाला कॉलेजात शिकवला होता, १८४५ चा. लंडनच्या हॅमरस्मिथ पुलाचा फुटपाथ बोटींची शर्यत बघणाऱ्यांसाठी खुर्च्या टाकून बंद केला होता, बर्ड नावाचा माणूस कुंपणावरून आत घुसला, त्याला म्हणाले पुढे नाही, मागे खुशाल जा, आणि कोर्टानं सांगितलं की ही कैद नाही. मला तेव्हा तो निकाल हट्टीपणाचा वाटला होता, आता पटतो. आणि अडवणं मुद्दाम असावं लागतं बरं का, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत गर्दीत तासभर अडकलात तर कोणावर केस होत नाही.

काकांचं ३ दिवसांचं गणित चुकलंय. डांबणं पावणेचार तासांचं असलं तरी गुन्हा पूर्ण होतो, शिक्षा १ वर्षापर्यंत किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. ३ दिवस किंवा जास्त झाले तर ३ वर्षांपर्यंत, १० दिवस किंवा जास्त तर ५ वर्षांपर्यंत, म्हणजे दिवसांनी शिक्षा वाढते, गुन्हा काही तिथून सुरू होत नाही. आणि ३४२ हे जुन्या दंड संहितेचं कलम, १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गोष्टींना न्याय संहिता लागते.

तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं आहे ते १२७ चं पोटकलम ८, ते काकांना माहीत नसावं. कबुली काढून घेण्यासाठी किंवा पैसे परत करायला, एखादी मागणी पुरी करायला भाग पाडण्यासाठी कोणाला डांबलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. तुमची रात्र या वाक्यात जशीच्या तशी बसते. तुम्ही खरंच पैसे घेतले असते तरी बसली असती, हे लोकांना पचत नाही पण तसंच आहे. चोराला पकडायचा अधिकार सामान्य माणसाला पण आहे, पण कधी, तर दखलपात्र अजामीनपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा त्याच्या डोळ्यासमोर झाला तर, आणि मग विनाविलंब, कितीही झालं तरी ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. गल्ला मोजून संशय येणं म्हणजे डोळ्यासमोर नाही झालं. आणि पोलीस बोलवायचे सोडून हे कागद लिहून घेत बसले, मग हे ६ तास त्यांच्या कामाचे नाहीतच.

त्या कागदाची भीती काढून टाका. गुन्हा करून किंवा तशी धमकी देऊन घेतलेली संमती कराराच्या १८७२ च्या कायद्यानं बळजबरीची धरतात आणि असा करार तुम्हाला रद्द करून घेता येतो. पण गप्प बसलात तर उद्या तोच कागद दाखवून म्हणतील की बाईनं राजीखुशीनं लिहिलं, महिनाभर काही बोलली पण नाही, तेव्हा हा आठवडा सोडू नका. कागद कोणत्या परिस्थितीत लिहिला आणि तो मला मान्य नाही एवढं तरी मालकाला स्पीड पोस्टानं कळवा, पावती जपून ठेवा.

गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलिसांना एफआयआर घ्यावा लागतो, फार तर आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करतील. नाहीच घेतला तर डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे) लेखी, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटसमोर. तक्रारीतच लिहा की दुकानातलं त्या रात्रीचं सीसीटीव्ही जप्त करा, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं आणि महिना तर झालाच आहे. गल्लीतल्या बाकी दुकानांचे कॅमेरे पण लिहा. त्या वेळात नवऱ्यानं किती फोन लावले आणि ते उचललेच नाहीत हे त्याच्या मोबाईलमधे असेल, स्क्रीनशॉट काढून ठेवा (आता कळेल त्याला काहून नाही आली). गुन्हा जामीनपात्र आहे, मालक त्याच दिवशी सुटून येईल, ते बघून हिरमुसू नका. वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा, बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

प्रश्न: बाबा रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलमधे होते, डॉक्टर म्हणाले घरी न्या, पण बिलाचे ४०,००० बाकी म्हणून दोन दिवस सोडलंच नाही. हे पण डांबणंच का? — एक वाचक, सावनेर

उत्तर: हो भाऊ, डॉक्टरनं सुट्टी दिल्यावर पैशासाठी गेटवर अडवलं तर माझ्या मते तेच पोटकलम ८. बाकी पैसे हे देणं आहे, त्यासाठी हॉस्पिटलनं दिवाणी दावा लावावा, पेशंट गहाण ठेवता येत नाही. असं चालू असताना ११२ ला फोन करायचा, आणि माणूस आत अडकलेलाच असेल तर मॅजिस्ट्रेटकडून शोध वॉरंट मिळतं, नाहीतर सिव्हिल लाईन्सला हायकोर्टाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे अडकवलेल्या माणसाला कोर्टासमोर आणायला लावणारी याचिका. तुमचे बाबा आता घरी आहेत म्हणून ते दोन्ही राहिलं, तक्रार मात्र अजून करता येते. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरनं सुट्टी दिल्याची तारीख आणि प्रत्यक्ष सोडल्याची तारीख वेगळी आहे का ते आज काढून बघा, असेल तर आधी झेरॉक्स मारा.