बॉक्सवर १०८० × २४०० लिहिलंय, मग मोबाइल वेबसाइट किती रुंदीची आखायची?

तुम्ही नाशिकमधल्या एका दुकानाची वेबसाइट करताय. फोनच्या बॉक्सवर १०८० × २४०० छापलंय, म्हणून डिझाइनचा कॅनव्हासही त्याच मापाचा घ्यायचा का, आणि हल्ली ‘ठराविक’ स्मार्टफोनची स्क्रीन म्हणून काय धरतात, असं विचारलंय. बॉक्सवरचा आकडा घेऊ नका. ३६० रुंदीवर आखा आणि ३२० वर एकही गोष्ट कापली जाणार नाही याची खात्री करा.

बॉक्सवर काचेवरच्या प्रत्यक्ष ठिपक्यांची संख्या असते. ब्राउझर मोजतो ते सीएसएस पिक्सेल, म्हणजे वेबपानाची मापं ज्यात लिहितात ते एकक. तुमच्या फोनवर आडवे तीन आणि उभे तीन ठिपके मिळून बहुधा एक सीएसएस पिक्सेल होतो, म्हणजे १०८० भागिले ३, रुंदी ३६० आणि उंची ८००. स्वस्तातला ७२० × १६०० चा फोन घ्या, तिथे गुणोत्तर २ असतं आणि उत्तर पुन्हा ३६० × ८०० च येतं. किमतीत दुपटीचा फरक असलेले दोन फोन ब्राउझरच्या लेखी एकाच मापाचे! काही अँड्रॉइड फोन ४१२ चे असतात. आयफोन २००७ साली ३२० वर सुरू झाला, २०१४ च्या आयफोन ६ ला ३७५ झाला, २०२० च्या आयफोन १२ ला ३९०, आणि मोठ्या मॉडेलांमध्ये ४४० पर्यंत गेला. तेव्हा ‘ठराविक’ म्हणजे ३६० ते ४४० हा पट्टा समजा. पानाच्या कोडमधल्या हेड भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्याच रुंदीत मांड, असं ब्राउझरला सांगणारी ओळ) मात्र हवाच. तो नसेल तर ब्राउझर पान ९८० रुंदीचं समजून मांडतो आणि मग सगळं आक्रसून मुंगीएवढं दाखवतो.

आता ३२० चा आग्रह का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कांदा व्यापाऱ्यासाठी रोजच्या भावाचं पान केलं होतं. टेबलमध्ये पाच रकाने: प्रकार, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. मी ते ३९० वर आखलं, प्रत्येक रकाना ७८ चा, काठापासून काठापर्यंत चपखल. जागा कमी पडली तर टेबल बाजूला सरकेल अशी सोयही केली होती. पुढे लासलगावला लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या असलेल्या एका शेतकरी नानांना मी ते पान उघडायला सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, अंगठ्याने वर-खाली केलं आणि म्हणाले, “भाऊ, यात भाव कुठंय?”

भाव होता, पण पाचव्या रकान्यात. नानांना चष्म्याशिवाय दिसावं म्हणून मुलाने सेटिंगमध्ये जाऊन ‘डिस्प्ले साइझ’ मोठा करून दिला होता. अँड्रॉइडमध्ये असं केलं की ब्राउझरला मिळणारी रुंदीच कमी होते. ३६० चा फोन ३२० चा होतो. चार रकान्यांचे ३१२ झाले आणि उरलेल्या ८ पिक्सेलमध्ये पाचव्याचा नुसता कोरा काठ दिसत होता. एखादं अक्षर तरी अर्धवट दिसलं असतं तर माणसाने बोटाने सरकवून पाहिलं असतं. ज्या एका आकड्यासाठी तो माणूस पान उघडणार, तोच मी त्याच्यापासून लपवला होता, याचं मला फार वाईट वाटलं. टेबल काढून टाकलं. आता प्रत्येक प्रकाराचा वेगळा चौकोन आहे: उन्हाळ कांदा, खाली मोठ्या अक्षरात सर्वसाधारण दर, त्याखाली किमान-कमाल, आणि सगळ्यात शेवटी आवक.

वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांच्या २०१८ च्या आवृत्तीतही ३२० हाच आकडा आहे: तेवढ्या रुंदीत मजकूर वाचायला आडवं सरकवावं लागू नये. टेबलला त्यात सूट आहे. भावाच्या पानावर ती सूट मी तरी पुन्हा घेणार नाही.

उंचीवर फारसा विसंबू नका. ८०० मधून वरची पट्टी, अ‍ॅड्रेस बार आणि खालची तीन बटणं मिळून साधारण १३० जातात, आणि कीबोर्ड वर आला की आणखी अडीचशेच्या वर. ‘ऑर्डर करा’ हे बटण १०० व्हीएच (व्हीएच म्हणजे स्क्रीनच्या उंचीचा शंभरावा भाग) उंचीच्या डब्यात तळाला ठेवलंत तर ते अ‍ॅड्रेस बार दिसत असताना खाली दडून बसतं. तिथे डीव्हीएच (बार दिसतो-लपतो तसं बदलणारं माप) किंवा एसव्हीएच (बार दिसत असतानाच्या उंचीचं माप) वापरा. बटणाची उंची ४८ ठेवा, कामाच्या हातांना ४८ सुद्धा जास्त होत नाही.

मजकूर मराठी असेल तर आणखी एक. इंग्रजीच्या नमुना मजकुरावर आखलेलं डिझाइन ‘महानगरपालिका’, ‘द्राक्षबागायतदार’ असे शब्द आले की ३२० वर फाटतं. अक्षर १७-१८ चं घ्या आणि ओळींमधलं अंतर दीडपटीपेक्षा थोडं जास्त, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

तपासायला फार साधनं लागत नाहीत. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रुंदी ३२० पासून ४४० पर्यंत हाताने ओढत न्या आणि कुठे काही तुटतं ते बघा. मग एका साध्या अँड्रॉइडवर डिस्प्ले साइझ आणि फॉन्ट साइझ दोन्ही शेवटच्या टोकाला न्या, दुपारी बाराच्या उन्हात दुकानाबाहेर उभे राहा आणि एका हाताने एक ऑर्डर पूर्ण करून पाहा. दुकानदारालाही तेच करायला सांगा, त्याच्या स्वतःच्या फोनवर, आणि तो कुठे अडतो ते गप्प राहून बघा.