चेनला पावडर: तेलात नको, मेणात घाला

प्रश्न : गिअरच्या सायकलच्या चेनला तेल सोडलं की दोन दिवसांत काळा चिखल होतो. तेलात ग्रॅफाइट किंवा मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) पावडर मिसळली तर चेन कोरडी राहील का? घरात कॅरमची पावडर आहे, ती चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तेलात काहीही मिसळा, ते तेलच राहतं आणि धूळ धरतं. धुळीतला क्वार्ट्झ (वाळूचे कण) काठिण्याच्या मोह्स मापावर ७, मॉली जेमतेम दीड. त्या मऊ पावडरीने वाळूचं घासणं थांबत नाही. शिवाय मॉलीची घनता पाण्याच्या पाचपट, त्यामुळे बाटली रात्रभर ठेवली की सगळी तळाशी. चेन झिजते ती पिन आणि आतल्या प्लेटच्या मधोमध. वंगण तिथे पोचलं पाहिजे, बाहेर रोलर काळाभोर दिसून उपयोग नाही.

कॅरमची पावडर म्हणजे बहुधा बोरिक अ‍ॅसिड. बोर्डावर झकास, पण पाण्यात विरघळते. पेन्सिलीचं शिसही किसून घालू नका, त्यात चिकणमाती असते.

कोरडी चेन हवी तर पावडर पॅराफिन मेणात घाला. मेणबत्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ५८–६० अंशांना वितळणारं शुद्ध मेण सुटं मिळतं. तयार मेणबत्त्या वितळवू नका, त्यात स्टिअरिक अ‍ॅसिड, रंग, वास असं बरंच काही असतं. ५०० ग्रॅम मेणाला ५ ग्रॅम मॉली पुरे. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. कण एक-दोन मायक्रॉनचे घ्या. टंगस्टन डायसल्फाइड ही तशीच दुसरी पावडर महाग, आणि मॉलीहून जड असल्याने आणखी लवकर तळाशी बसते. खरं सांगायचं तर नुसत्या मेणानेही बहुतेक काम होतं, पावडर ही वरची फोडणी आहे.

मेहनत आहे ती चेन धुण्यात. नव्या चेनवरचं कारखान्याचं ग्रीससुद्धा काढावं लागतं. क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) उघडून चेन बरणीत घाला, बुडेल इतकं मिनरल टर्पेंटाइन ओता आणि खळखळा. असं तीनदा, दरवेळी ताजं टर्पेंटाइन घेऊन. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा. शेवटचं अल्कोहोल नितळ राहिलं की झालं. रॉकेल वापरू नका, तेलकट थर मागे राहतो. ही धुलाई उघड्या हवेत, शेगडीपासून लांब करा.

चेन पूर्ण वाळली की मेणाचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट आचेवर कधीच नको. मेण ८५–९० अंशांवर आलं की तळापासून ढवळा आणि चेन तारेला अडकवून सोडा. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. चेन हलवत राहा; दहा मिनिटांत बुडबुडे थांबले म्हणजे मेण आत शिरलं. मेण ७० अंशांच्या आसपास उतरू द्या आणि मगच चेन काढा. फार गरम असताना काढली तर आत शिरलेलं मेण बरंचसं निथळून जातं.

प्रश्न : सगळं असंच केलं, तरी चेन काठीसारखी ताठ आहे आणि गिअर उड्या मारतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताठ होणारच, मेण गोठलंय. बसवण्याआधी चेन एखाद्या गोल पाइपवर ओढून एकेक लिंक मोकळी करा. गिअर पहिले चार-पाच किलोमीटर अडखळतात, तेवढ्यात भुगा झडतो. त्यानंतरही अडखळले तर दोष मेणाचा नाही, झीज मोजा. पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंचांत दीड मिलिमीटर वाढ म्हणजे ०.५ टक्के, ११-१२ गिअरची चेन तिथे बदला, नाहीतर कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांचे) दातेही जातील. करकर पहिल्याच दिवशी सुरू झाली तर मात्र आत ग्रीस राहिलंय, मेण धातूला चिकटलंच नाही. परत टर्पेंटाइनपासून सुरुवात.

प्रश्न : कोकणातल्या पावसात?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोरड्या रस्त्यावर एक मेण तीनशे किलोमीटर जातं. पावसात एक फेरी झाली की त्याच रात्री चेन पुसून, वाळवून परत मेणात बुडवा, नाहीतर सकाळी लिंकवर तांबूस गंज. रोज हे जमणार नसेल तर जून ते सप्टेंबर सरळ ओल्या हवामानाचं तेल वापरा, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि बाहेरचं फडक्याने कोरडं पुसा. ऑक्टोबरात पुन्हा मेण लावताना चेन नव्यासारखीच धुवावी लागेल.