दांडा सैल झाला तर पाण्यात बुडवू नकोस

कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की जो तो सांगतो, रात्रभर पाण्यात ठेव. अजिबात ठेवू नकोस. लाकूड फुगतं, पातं घट्ट बसल्यासारखं वाटतं. पण नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, फुगताना लाकडाचे तंतू चेपले जातात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त खुळखुळतो. मीही हेच करायचो. एकदा पातं निसटून थेट कुंपणापलीकडे गेलं, तेव्हा अक्कल आली. नशीब, समोर कोणी नव्हतं.

जुनी पाचर काढ, वाळलेल्या कठीण लाकडाची नवी ठोक. मग दांड्याला जवसाचं तेल चोळ. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळव. धारेचं नंतर बघू.